रेषेने काय गाळलं?

आज थोडं प्रयोगशाळेबाहेर. जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने रोममध्ये राहत असताना होमरच्या 'इलियड'वर रेखाटनं केली. तोम्मासो पिरोलीने ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि 1793 मध्ये ती छापली गेली. नवअभिजात शैलीचा हा ठळक नमुना. सगळा भर बाह्यरेषेवर, छायाप्रकाशाला जवळपास फाटाच.

त्यातलं एक चित्र घेऊ. झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन ट्रॉयच्या युद्धात पॅट्रोक्लसच्या हातून मारला जातो. निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ त्याचा देह मायदेशी, लिसियाला नेतात. चित्रात रक्त नाही. पाहताक्षणी वाटतं, हे फारच सोवळं झालं. पण मूळ काव्य बघा: देह रक्ताने, धुळीने माखलेला असतो. अपोलो आधी तो नदीच्या पाण्याने धुतो आणि मगच या भावांच्या हाती देतो. म्हणजे इथे स्वच्छ रेषेला संहितेचा आधार आहे.

याच मालिकेत अकिलीसच्या रथामागे फरफटणारा हेक्टरचा देहही आहे. तिथेही तीच संयत रेषा, आणि तिथे मात्र ती मला अपुरी वाटते. त्या प्रसंगात धूळ आणि विटंबना हाच मुद्दा आहे. आपण डेटामधला नॉइज काढतो तेव्हा हेच होऊ शकतं. एका प्रयोगात चाललेला फिल्टर दुसऱ्यात सिग्नलच खाऊन टाकतो.

आता एक सापळा. इ.स.पू. 515 च्या सुमाराच्या, युफ्रोनिओसने रंगवलेल्या ग्रीक कलशावरही सार्पेडॉनचा हाच प्रसंग आहे. तिथे जखमांतून रक्त वाहतं. दोन्ही शेजारी ठेवली की 'फ्लॅक्समनने कल्पना इथून घेतली' असं लिहायचा मोह होतो. पण हा कलश जमिनीतून बाहेर आला 1971 मध्ये आणि फ्लॅक्समन वारला 1826 मध्ये! त्याने इतर ग्रीक कलशचित्रं अभ्यासली होती, त्यामुळे शैलीबद्दल दावा करता येईल, या कलशाबद्दल नाही. साम्य दिसलं म्हणजे प्रभाव सिद्ध झाला असं नाही.

तेव्हा पुढचा आलेख काढाल तेव्हा त्याखाली एक ओळ जरूर लिहा: यातून काय वगळलं आणि का.