महानुभावांचे चार पदार्थ

महानुभाव तत्त्वज्ञानांत जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परभिन्न मानिले आहेत. यांपैकीं जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध व परमेश्वर नित्यमुक्त होय. शके १११० चा मानल्या जाणाऱ्या विवेकसिंधूच्या अद्वैताशीं हें मत जुळवूं पाहणें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. सर्व वस्तु तत्त्वतः एकच मानिल्या, तर देवतांचें बंधन नित्य कसें राहील?

केशिराजबासांनीं सूत्रपाठ लीळाचरित्रांतील वचनांवरून सिद्ध केला. सबब नागपूरच्या हरि नारायण नेने यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र शेजारीं ठेवूनच सूत्रें लावावींत. सूत्रांचीं बाडें जपणाऱ्या संग्राहकांनीं लीळांचीं सुटीं पानेंहि टाकूं नयेत. प्रसंग हरपला, कीं भेदपर वचनहि अभेदपर वाचितां येतें.