उपहास, यमक आणि महाजाल : लिल डिकीच्या रॅपचा विचार

अमेरिकन हिप-हॉपमध्ये थट्टेची परंपरा जुनी असली, तरी केवळ महाजालावरील चित्रफितींच्या बळावर उभा राहिलेला विनोदी रॅपर ही गेल्या वीस वर्षांतली निर्मिती आहे. तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा एकाच कलावंताच्या वाटचालीत तपासायच्या झाल्यास ‘लिल डिकी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डेव्हिड बर्डइतके उपयुक्त उदाहरण मिळणे कठीण. रॅप म्हणजे ठेक्यावर, ज्याला या क्षेत्रात ‘बीट’ म्हणतात, यमकबद्ध मजकूर बोलल्यासारखा म्हणण्याची कला. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत तिचा पाया घातला गेला, आणि सोसलेली गरिबी, मिळवलेली संपत्ती, अंगातली ऐट यांचा अभिमानाने केलेला उच्चार हा तिचा एक स्थायी विषय होऊन बसला. ठरलेल्या बढाया, ठरलेली वेशभूषा, ठरलेले आविर्भाव असे उपहासकाराला लागणारे सगळे साहित्य येथे आयतेच होते. त्या संकेतांची थट्टा करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता.

‘केशवकुमारां’च्या ‘झेंडूची फुले’मुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या विडंबनात मूळ रचनेचा घाट राखून आशय हास्यास्पद केला जातो. ‘वीअर्ड अल’ यान्कोविक याचे १९९६ सालचे ‘आमिश पॅराडाइज’ हे गाणे याच जातीचे आहे. कूलिओच्या ‘गँगस्टाज पॅराडाइज’ची चाल घेऊन त्याने आधुनिक सोयी नाकारणाऱ्या आमिश पंथीयांचे जीवन रंगवले, आणि ते मूळ गायकाला त्या वेळी रुचले नव्हते. डिसेंबर २००५मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आलेल्या ‘लेझी संडे’ने वेगळी दिशा घेतली. ‘लोनली आयलंड’ या त्रयीच्या या गाण्यात कपकेक खाऊन सिनेमाला जाणारे दोन मित्र आपला दिवस रस्त्यावरच्या झुंजीच्या आवेशात सांगतात, म्हणजे थट्टा कोणा एका गाण्याची नसून संपूर्ण शैलीची असते. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूट्यूबवर ही चित्रफीत झपाट्याने पसरली आणि फेब्रुवारी २००६मध्ये तो कार्यक्रम दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीने ती तेथून काढायला लावली. वाहिनीच्या मध्यस्थीविना विनोदी गाणे लोकांपर्यंत पोहोचू शकते, हे मात्र तोवर सिद्ध झाले होते.

बर्ड हा या सिद्ध झालेल्या वाटेवरचा प्रवासी. फिलाडेल्फियाच्या उपनगरातील सुस्थित ज्यू कुटुंबात १९८८ साली जन्मलेल्या बर्डने रिचमंड विद्यापीठातून पदवी घेतली आणि सॅन फ्रान्सिस्कोतील गुडबी, सिल्व्हरस्टीन अँड पार्टनर्स या जाहिरात संस्थेत नोकरी धरली, जिथे मासिक कामाचा अहवाल त्याने रॅपच्या चित्रफितीतून सादर केल्यावर त्याची बदली लेखन विभागात झाली. विनोदकार म्हणून लक्ष वेधून घेण्यासाठी हाती घेतलेला रॅप त्याला हळूहळू मनापासून आवडू लागला, हा तपशील त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली आहे. एप्रिल २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एक्स-बॉयफ्रेंड’ या चित्रफितीला एका दिवसात दहा लाख प्रेक्षक मिळाले. पुढे अनेक महिने दर आठवड्याला एक नवे गाणे देण्याचा क्रम त्याने पाळला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ७० हजार डॉलरचे उद्दिष्ट ठेवून केलेल्या जाहीर वर्गणीच्या आवाहनाला १ लाख १३ हजार डॉलरचा प्रतिसाद मिळाला. ध्वनिमुद्रण कंपनीने पारखून बाजारात आणलेला गायक आणि श्रोत्यांनी आगाऊ पैसे देऊन उभा केलेला गायक यांच्या मनोवृत्तीत फरक पडतो, आणि तो बर्डच्या गाण्यांत ऐकू येतो. आपल्याला कोण ऐकते आणि का ऐकते, याची जाणीव त्याला क्षणभरही सोडत नाही.

विनोदी रॅपरपुढची पहिली अडचण कारागिरीची असते. ज्याला मूळ कला येत नाही, त्याची थट्टा हेव्यासारखी वाटते. ज्याला ती उत्तम येते, त्याच्या थट्टेत मूळ कलेविषयीचे प्रेम दिसते. बर्डचा ‘फ्लो’, म्हणजे ठेक्याच्या मात्रांवर शब्द बसवण्याची गती आणि वळण, खरोखर कसलेला आहे. अनेक अक्षरांची यमके तो लांबलचक वाक्यांत सहज गुंफतो आणि ‘पंचलाइन’, म्हणजे अर्थाला अनपेक्षित कलाटणी देणारी ओळ, नेमक्या मात्रेवर आणून ठेवतो. जुलै २०१५मध्ये आलेला ‘प्रोफेशनल रॅपर’ हा त्याचा गीतसंग्रह बिलबोर्डच्या मुख्य यादीत सातव्या स्थानावर पोहोचला. त्याच्या शीर्षकगीतात बर्ड जणू नोकरीची मुलाखत देतो, ज्येष्ठ रॅपर स्नूप डॉग त्याची उलटतपासणी घेतो, आणि रॅपरच्या पदासाठी सुखवस्तू गोऱ्या तरुणाची पात्रता काय, हा टीकाकारांचा प्रश्न कवी स्वतःच मांडून घेतो. याच संग्रहातील ‘सेव्ह दॅट मनी’ ही या संपूर्ण प्रकारातली एक उत्कृष्ट कृती म्हणावी लागेल. रॅपमध्ये उधळपट्टीची बढाई मारली जाते. बर्ड काटकसरीची मारतो, विमानाचे तिकीट महिनोन् महिने आधी काढणे किंवा दुसऱ्याच्या खात्यावर चित्रपट पाहणे हा पराक्रम म्हणून सांगतो. चित्रफीतही पैसे न खर्चता बनवलेली आहे: श्रीमंत वस्तीत घरोघरी जाऊन चित्रीकरणापुरता बंगला मागायचा, महागडी मोटार तशीच मिळवायची. येथे हत्यार मध्यमवर्गाच्या सावध हिशेबीपणाकडे वळलेले आहे, आणि म्हणूनच ते कोणालाही अन्यायाने लागत नाही.

हे भान सर्वत्र टिकलेले नाही. मार्च २०१८मधल्या ‘फ्रीकी फ्रायडे’त बर्ड आणि कृष्णवर्णीय गायक क्रिस ब्राउन यांच्या शरीरांची अदलाबदल होते, आणि कृष्णवर्णीय शरीरात शिरलेला बर्ड, इतर वेळी त्याला निषिद्ध असलेला वांशिक शब्द उच्चारण्याची मुभा मिळाली म्हणून हरखून जातो. गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत आठव्या स्थानी गेले, पण व्यावसायिक यशाने त्यातला वैचारिक आळस झाकला जात नाही. २००९ साली गायिका रिहानाला केलेल्या मारहाणीबद्दल दोषी ठरलेल्या ब्राउनच्या प्रतिमेला या गाण्याने खेळकर झळाळी दिली, हा आक्षेप तर पूर्णपणे रास्त होता. उपहासासाठी लागणारा जोखमीचा भाग येथे दुसऱ्याच्या त्वचेवर ढकललेला आहे. २०१९च्या वसुंधरा दिनाच्या तोंडावर सुमारे ३० तारेतारकांना घेऊन केलेल्या ‘अर्थ’ (पृथ्वी) या गाण्याचा हेतू चांगला, उत्पन्नही पर्यावरणकार्याला दिलेले, कलाकृती म्हणून त्यावर अधिक थांबावे असे काही नाही.

याच काळात दुसऱ्या एका महाजालीय विनोदी रॅपरने वेगळा मार्ग निवडला. ओसाका येथे जन्मलेल्या जॉर्ज मिलरने ‘पिंक गाय’ या गुलाबी पोशाखातल्या पात्राच्या नावे २०१७च्या आरंभी ‘पिंक सीझन’ हा किळस आणि आघात यांवर उभा असलेला संग्रह काढला, वर्ष संपता संपता प्रकृतीच्या कारणाने ते पात्रच मिटवले, आणि ‘जोजी’ या नावाने गंभीर, उदास प्रेमगीते गाऊन २०१८मध्ये मोठी मान्यता मिळवली. विनोद ही त्याच्यासाठी उतरवून ठेवता येणारी झूल होती.

बर्डला ती उतरवायची नव्हती, आणि म्हणून त्याला अधिक मोठा घाट शोधावा लागला. जेफ शाफरसमवेत निर्माण केलेली ‘डेव्ह’ ही मालिका मार्च २०२०मध्ये एफएक्सएक्स वाहिनीवर सुरू झाली. तिच्यात तो स्वतःचीच थोडी बदललेली आवृत्ती साकारतो: प्रतिभावान, आत्ममग्न, देहाच्या न्यूनगंडाने पछाडलेला, आणि मित्रांचा उपयोग करून घेणारा. तीन-चार मिनिटांच्या गाण्यात निवेदकाला उलट बोलणारे कोणी नसते. मालिकेत ते सतत असते. त्याचा खराखुरा ‘हाइप मॅन’, म्हणजे मंचावर मुख्य गायकाला साथ देत श्रोत्यांना चेतवणारा सहकारी, गाटा येथे स्वतःच्याच नावाने वावरतो, आणि पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात आपल्याला द्विध्रुवीय मनोविकार असल्याचे मित्रांना सांगतो, जे प्रत्यक्षातही खरे आहे. आतापर्यंत नायकाच्या विनोदाची पार्श्वभूमी असलेला कृष्णवर्णीय सहकारी त्या प्रसंगात कथेचे केंद्र होतो, आणि नायकाला प्रथमच ऐकून घेण्याची वेळ येते. त्याच पर्वाच्या शेवटच्या भागात डेव्हने तुरुंगवासाच्या कल्पनेवर रचलेले लांबलचक गमतीचे गाणे गाटाला दुखावते. ज्या बेफिकिरीने ‘फ्रीकी फ्रायडे’ रचले गेले, तिची चिकित्सा दोन वर्षांनी त्याच कलावंताने केली आहे, आणि समीक्षकांना जे निबंधात सांगावे लागले असते ते एका सहकाऱ्याच्या चेहऱ्यावर दाखवले आहे.

मालिकेची तीन पर्वे झाली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ती अनिश्चित काळासाठी थांबल्याचे जाहीर झाले. त्याच्या महिनाभर आधी तिच्यातील गाण्यांचा ‘पेनिथ’ हा संग्रह आला. त्यातली कारागिरी २०१५पेक्षा प्रगल्भ आहे, निर्मितीही भरघोस आहे. तरीही मालिका न पाहिलेल्या श्रोत्याला त्यातील बढाया बढायाच वाटण्याचा संभव आहे, कारण त्यांना खोडून काढणारे मित्र, प्रेयसी आणि आईबाप पडद्यावरच राहिले आहेत.