पेट्यांचे डेटा सेंटर : लवचीकपणाच्या कल्पनेचे परीक्षण

गरज वाढेल तशी एकेक तयार पेटी जोडीत जावे, या तत्त्वावर आखलेले डेटा सेंटर लवचीक व स्वस्त असते, असे प्रतिपादन सर्रास केले जाते. हे दोन गुण एकाच कारणातून निपजतात काय, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये ‘प्रोजेक्ट ब्लॅकबॉक्स’ जाहीर केला. वीस फुटी मालवाहू कंटेनरात सर्व्हर बसवून तो हवा तेथे न्यावा, ही कल्पना मोहक खरीच. परंतु त्या पेटीस वीज व थंड पाणी बाहेरूनच पुरवावे लागे. फिरती काय ती पेटी. चिलर, ट्रान्सफॉर्मर, जनित्र ही मंडळी जागच्या जागी, आणि उभारणीच्या खर्चाचा मोठा वाटा तर त्यांचाच! गूगलने २००९ साली उघड केलेल्या केंद्रात ४५ कंटेनर एकाच इमारतीत होते. तेथे प्रवासाचा प्रश्नच नव्हता. लाभ होता तो एकसारखेपणाचा. स्वस्ताई येते ती अशा पुनरावृत्तीतून, तर लवचीकपणा भांडवल मागाहून गुंतविण्यातून. शिवाय साचा एकदा ठरला की तो बदलणे महाग पडते. रॅकचा विजेचा भार वाढून हवेऐवजी द्रवाने शीतन करण्याची वेळ येते, तेव्हा आठ फूट रुंदीची पेटी अडचणीचीच ठरते.

उपकेंद्र, जलवाहिन्या व जागा यांची तरतूद अखेरच्या भारास पुरेल अशी आरंभीच करावी लागते. तो खर्च पहिल्या वर्षी धरल्यावर बचत किती उरते, हे या योजनेच्या पुरस्कर्त्यांनी मांडून दाखवावयास हवे.