शिकाऱ्याची बंदूक आणि पक्षांचे राजकारण : अमेरिकन वाङ्मयातील एका भ्रमनिरासाचा विचार

१

‘डिअर हंटिंग विथ जीझस’ हे जो बेजंट (१९४६–२०११) या अमेरिकन लेखकाचे पुस्तक इ. स. २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर हे त्याचे गाव. तारुण्यात गाव सोडून गेलेला हा लेखक पुष्कळ वर्षांनी परतला, तेव्हा त्याच्या बालपणीचे सोबती कारखान्यांतून तुटपुंज्या मजुरीवर राबत होते, कर्जाने व आजारपणाने जेरीस आले होते. आणि तरीही मते देत होते ती मालकवर्गाचे हित पाहणाऱ्या रिपब्लिकन पक्षालाच. असे का व्हावे, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. लेखक स्वतः डाव्या विचारांचा असल्यामुळे त्या प्रश्नाला आत्मपरीक्षणाची धार आलेली आहे.

या पुस्तकाची चर्चा बहुधा राजकीय भाष्य म्हणूनच झाली. त्यातील बंदुकीविषयीचे प्रकरण तर शस्त्रनियंत्रणाच्या वादात एका बाजूचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. परंतु त्या प्रकरणातील शिकारी वाङ्मयात नव्याने आलेला नाही. राज्यसंस्थेवरील आणि पक्षांवरील विश्वास उडालेला शिकारी अमेरिकन कादंबरीत जवळजवळ दोनशे वर्षे वावरत आहे. त्या परंपरेत ठेवून पाहिले असता बेजंटचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. आपल्या मनात ‘मृगया’ या शब्दाबरोबर राजा उभा राहतो. ‘शाकुंतला’च्या आरंभी हरिणामागे धावणारा दुष्यंत राजा आहे आणि त्याला थांबविणारा तपस्वी आहे. पुढे इंग्रजी अमलात १८७८ च्या शस्त्रकायद्याने बंदूक हे सरकारच्या मेहेरबानीचे चिन्ह बनले, आणि शिकार ही संस्थानिकांची व साहेबांची चैन ठरली. अमेरिकेत याच्या अगदी उलट घडले. तेथे हरिणाची शिकार हा गरिबाचा हक्क मानला गेला. हिवाळ्यापूर्वी घरात मांस आणण्याचा तो मार्ग होता. त्यामुळे तेथे शिकाऱ्याला अडविणारा जो कोणी येतो, तो तपस्वी नसतो. तो न्यायाधीश असतो.

२

हे चित्र प्रथम ठसठशीतपणे रेखाटले ते जेम्स फेनिमोर कूपर याने, १८२३ च्या ‘द पायोनिअर्स’ या कादंबरीत. कथा १७९३ च्या नाताळाच्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील एका नव्या वसाहतीत सुरू होते. पहिल्याच प्रसंगात वाद उभा राहतो तो मेलेले हरीण कोणाचे, याविषयी. वसाहतीचा धनी न्यायाधीश टेंपल ते हरीण पैसे देऊन घेऊ पाहतो. म्हातारा शिकारी नॅटी बंपो व त्याचा तरुण सोबती यांना प्रश्न पैशांचा वाटतच नाही. पुढे कायदा येतो. बंदीच्या काळात हरीण मारल्याचा आरोप नॅटीवर ठेवला जातो. झोपडीची झडती घेण्यास आलेल्या अधिकाऱ्याला तो बंदुकीच्या धाकाने अडवितो, आणि त्याबद्दल त्याला खोड्यात अडकविणे, दंड व तुरुंगवास अशी शिक्षा होते. शेवटी तो बंदूक खांद्यावर टाकून पश्चिमेच्या अरण्यात निघून जातो.

कूपरचे मोठेपण असे की त्याने न्यायाधीशाला दुष्ट रंगविले नाही. जंगलाची नासाडी थांबावी, हे टेंपललाही कळकळीने वाटते. पण रानकबुतरांचे थवे गावावरून जाऊ लागतात, तेव्हा गावकरी चक्क छोटी तोफ डागून त्यांचा खच पाडतात, आणि त्या धुंदीत न्यायाधीशही क्षणभर सामील होतो. नॅटी मात्र एक गोळी झाडतो, एक पक्षी पाडतो आणि इतरांची निर्भर्त्सना करून निघून जातो. ज्याला कायदा नको आहे त्याच्या ठायी संयम आहे, आणि ज्यांनी कायदा केला त्यांच्या ठायी तो नाही, असा हा पेच आहे. त्या जातीचे शेवटचे कबूतर सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयात १९१४ साली मेले, हे लक्षात घेतले म्हणजे कूपरच्या दृष्टीचा पल्ला कळतो.

या पेचाला लेखकाच्या घरचाच संदर्भ होता. कूपरचे वडील वसाहतीचे संस्थापक, न्यायाधीश आणि फेडरलिस्ट पक्षाचे लोकप्रतिनिधी होते. मुलगा पुढे जॅक्सनच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकला, आणि १८३८ च्या ‘द अमेरिकन डेमोक्रॅट’मध्ये तर त्याने एकंदर पक्षवृत्तीवरच टीका केली. पक्षांविषयीचा भ्रमनिरास हा शिकारकथेला मागाहून चिकटलेला विषय नसून तो तिच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे, असे यावरून म्हणता येते.

३

नॅटीच्या संयमाचे मूळ कशात आहे? त्याच्या ठासणीच्या बंदुकीत ते काही अंशी आहे. एकदा बार उडाला की दारू भरणे, गोळी ठासणे, रंजक घालणे हे सारे पुन्हा करावे लागे. तोपर्यंत सावज निसटलेले असे. एका गोळीला किंमत होती. अशा बंदुका पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाचे कारागीर घडवीत. त्यांची कला कारखान्यांच्या काळात मागे पडली. पण विसाव्या शतकात हौशी लोकांनी ती पुन्हा हाती घेतली. ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना अमेरिकेत १९३३ साली स्थापन झाली. टाउनसेंड व्हेलेन या लष्करी अधिकाऱ्याने त्यापूर्वीच हौशी बंदूककारांसाठी पुस्तक लिहिले होते. जॉर्जियातील राबन परगण्याच्या शाळकरी मुलांनी वृद्धांकडून माहिती गोळा करून जी ‘फॉक्सफायर’ पुस्तकमाला तयार केली, तिच्या १९७९ च्या पाचव्या भागात लोहारकाम, गारगोटीच्या बंदुका आणि अस्वलाची शिकार हे विषय एकत्र आले आहेत. ते तसे एकत्र येणे स्वाभाविकच होय.

या कारागिरीतील एक क्रिया येथे सांगण्याजोगी आहे. नळी दस्त्यात बसविताना तिला दिव्याची काजळी फासतात, ती लाकडावर दाबतात आणि उचलतात. जेथे काळा डाग उमटेल तेवढेच लाकूड पटाशीने तासावयाचे, आणि पुन्हा नळी ठेवून पाहावयाची. असे शेकडो वेळा केल्यावर लोखंड व लाकूड यांत केसाचेही अंतर उरत नाही. यात कोणाची शिफारस चालत नाही आणि भाषणाचा उपयोग होत नाही. चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते, आणि ती करणाराही एकच असतो. आठवडाभर कारखान्यात दुसऱ्याच्या हुकमाने काम करणाऱ्या माणसाला आपल्या पडवीतील या कामात जे समाधान मिळते, त्याचे स्वरूप केवळ करमणुकीचे नाही.

अल्डो लिओपोल्ड याच्या १९४९ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या ग्रंथात याच्याशी जुळणारा एक विचार आहे. शिकाऱ्याला बहुधा प्रेक्षक नसतात. त्याचे वर्तन चांगले की वाईट हे टाळ्या वाजविणारे ठरवीत नाहीत, त्याची सदसद्विवेकबुद्धी ठरविते, असे तो म्हणतो. बाजारात मिळणाऱ्या नाना उपकरणांनी शिकाऱ्याचा हा स्वावलंबी बाणा नष्ट होत चालला आहे, अशी त्याची तक्रार होती.

साक्षीदारावाचून पाळलेला संयम हे शिकाऱ्याचे मूल्य मानले, तर पक्षीय राजकारण त्याला परके का वाटावे हे सहज उमगते. तेथे सारे काही साक्षीदारांसाठीच असते. ऑक्टोबर २००४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी हे शिकारी वेष चढवून ओहायोमध्ये हंसांच्या शिकारीस गेले, आणि वृत्तपत्रांतून त्याची छायाचित्रे झळकली. दुसऱ्या पक्षाचा इतिहासही काही वेगळा नाही. १९६७ साली कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी. आणि १९८० साली बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेने अध्यक्षपदासाठी पाठिंबा दिला तोही रेगन यांनाच. बंदुकीविषयीची तत्त्वे पक्षांनी प्रसंग पाहून धारण केली, असे कोणा शिकाऱ्यास वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

४

परंतु शिकाऱ्याचा संयम खरा आहे एवढ्याने तो पुरेसा ठरतो काय? हा प्रश्न निर्दयपणे विचारला तो विल्यम फॉकनर याने, १९४२ च्या ‘गो डाउन, मोझेस’ या ग्रंथात. त्यातील ‘द बेअर’ या दीर्घकथेत आयझॅक मॅक्कॅस्लिन हा मुलगा अरण्यातील थोरल्या अस्वलाचे दर्शन व्हावे म्हणून बंदूक मागे ठेवतो, आणि शेवटी घड्याळ व होकायंत्रही झाडाला टांगून पुढे जातो. तेव्हा कोठे अस्वल त्याला दिसते. पुढे घराण्याच्या जुन्या चोपड्या वाचताना आजोबांनी गुलाम स्त्रियांवर केलेले पाप त्याला कळते आणि तो वारशाची जमीन नाकारतो. कथेचा अखेरचा प्रसंग ध्यानात राहण्यासारखा आहे. अरण्य लाकडाच्या कंपनीच्या हाती गेले आहे. एका झाडाखाली बून हा शिकारी आपली सुटी झालेली बंदूक वेड्यासारखी ठोकीत बसला आहे. वर खारी सैरावैरा पळत आहेत, आणि त्या आपल्या आहेत म्हणून तो ओरडत आहे. मागील भागात वर्णन केलेल्या कारागिराचे हे नेमके विडंबन आहे. हातात तीच नळी, तोच ठोका. पण संयम जाऊन केवळ मालकी उरली आहे.

याच ग्रंथातील ‘डेल्टा ऑटम’ ही कथा आपल्या विषयाच्या अगदी जवळची. आयझॅक आता वृद्ध आहे. शिकारी मोटारीतून उरल्यासुरल्या रानाकडे निघाले आहेत, आणि बोलणे युद्धावर येते. आयझॅकचा नातलग रॉथ कडवटपणे सुचवितो की या देशातही हिटलर येईल. त्याचे नाव रूझवेल्ट असेल, विल्की असेल किंवा आणखी काही. १९४० च्या निवडणुकीत हेच दोघे परस्परांविरुद्ध उभे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे उभय पक्षांवरील हा अविश्वास किती खोल आहे ते कळते. देशभक्तीची गाणी आणि छातीवरचे झेंडे यांनी काही निभावेल यावर रॉथचा विश्वास नाही.

येथे कथा थांबली असती तर ती चांगले राजकीय टिपण ठरली असती. फॉकनर पुढे जातो. दुसऱ्या दिवशी तंबूत एक तरुणी कडेवर मूल घेऊन येते. मूल रॉथचे आहे. आणि ती स्वतः त्याच घराण्याच्या कृष्णवर्णी शाखेतील आहे. रॉथने तिच्यासाठी पैशांचे पाकीट ठेवून पळ काढला आहे. साऱ्या आयुष्यभर अरण्याचा धर्म पाळलेला आयझॅक या वेळी काय करतो? मुलासाठी शिकारीचे जुने शिंग देतो, आणि तिने उत्तरेकडे जाऊन आपल्याच वर्णाच्या पुरुषाशी लग्न करावे, असा उपदेश करतो. प्रेम म्हणजे काय हे तुम्ही विसरलात काय, अशा अर्थाचा तिचा प्रश्न त्याला निरुत्तर करतो. अखेरीस कळते की रॉथने हरिणाची मादी मारली आहे. ज्याने राज्यकर्त्यांचा ढोंगीपणा अचूक ओळखला, त्यानेच जी मारू नये ती मारली. आणि ज्याने जमीन नाकारली, त्याने माणूसही नाकारले.

५

या पार्श्वभूमीवर बेजंटकडे परतावे. त्याच्या प्रकरणातील उत्तम भाग आठवणींचा आहे. हरीण घेऊन घरी परतणारी वडीलधारी माणसे, त्या मांसावर निघणारा हिवाळा, पिढ्यान् पिढ्या हाती येणारी बंदूक : हे सारे तो आतल्या माणसाच्या जिव्हाळ्याने सांगतो. ज्यांच्या घरात दुसरा कोणताच वारसा नाही, त्यांना त्या वारशाची थट्टा हा आपल्या वाडवडिलांचा अपमान वाटतो. आणि असा अपमान करणाऱ्या पक्षाने मजुरांच्या हिताच्या कितीही गोष्टी सांगितल्या तरी त्या ऐकल्या जात नाहीत. हे त्याचे निदान मार्मिक आहे. सुशिक्षित पुरोगाम्यांनी या गावात राहणे सोडले, म्हणून त्यांचे म्हणणे तेथे कोणी ऐकले नाही, हा त्याचा आरोपही नाकारता येत नाही.

त्याची मर्यादा अशी की आठवणीकडून वादाकडे वळताना तो बंदुकीला बालपणातील अर्थ कायमचा चिकटवितो. पण वस्तूचा अर्थ स्थिर राहत नाही, हे बूनच्या प्रसंगाने दाखविलेलेच होते. घरी बंदूक घडविण्याचा हौशी कारागिराचा जुना हक्कही आज वेगळ्या वादात सापडला आहे. अनुक्रमांकावाचून विकल्या जाणाऱ्या तयार भागांच्या संचांवर २०२२ साली सरकारने नियम केले, आणि २०२५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. अशा संचातील भाग जुळविणाऱ्याला काजळी फासून महिनोन् महिने लाकूड तासावे लागत नाही. दोघांनाही ‘हौशी’ म्हटल्याने ती एकच गोष्ट होत नाही. तसेच अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, आणि अशा आत्महत्यांचे प्रमाण ग्रामीण भागात अधिक आहे. म्हणजे प्रश्न दूरच्या शहरांतील गुन्हेगारांचा तेवढा नाही. बेजंटच्या आळीतील, त्याच्याच वयाच्या माणसांचा आहे. डेमोक्रॅटिक पक्षाने या माणसांकडे पाठ फिरविली, ही त्याची तक्रार खरी धरली, तर त्यांच्या घरातील भिंतीवर टांगलेल्या बंदुकीकडेही त्यांच्याच जिवाच्या दृष्टीने पाहणे आवश्यक होते.

तथापि शिकारी आणि राजकारण यांचा मेळ कधीच बसला नाही, असेही नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संरक्षणासाठी राज्यांना मिळू लागले, आणि शिकाऱ्यांनी तो कर मान्य केला. कारण त्यात त्यांचा स्वतःचा संयमच कायद्याच्या रूपाने त्यांच्यापुढे आला होता. टेंपल आणि नॅटी यांना जे साधले नाही ते येथे काही अंशी साधले.

कूपरने शिकाऱ्याला पश्चिमेकडे वाट करून दिली. फॉकनरच्या काळी जाण्यास रान उरले नव्हते, म्हणून त्याचा आयझॅक तंबूतच उघडा पडला. बेजंटचा शिकारी तर गावातच राहतो, कारखान्यात जातो आणि मत देतो. त्याचा भ्रमनिरास खरा आहे व त्याची कारणेही खरी आहेत. पण आपल्या बाजूची माणसे म्हणून आपल्या पात्रांना सोडून न देणे, हे फॉकनरला साधले आणि बेजंटला अर्धेच साधले. ‘डिअर हंटिंग विथ जीझस’ वाचणाऱ्याने ‘डेल्टा ऑटम’ अवश्य वाचावी. पक्षांवरचा विश्वास उडालेल्या माणसाचे ऋण पक्षांपाशी संपत नाही. दाराशी आलेल्या माणसाशी तो कसा वागतो, तेथे ते सुरू होते, हे त्या कथेत अधिक कठोरपणे आणि म्हणून अधिक न्यायाने सांगितलेले आहे.