वजन, वेतन आणि स्त्रीदेह : ‘वजनदार’ या चित्रपटाच्या निमित्ताने

प्रास्ताविक :

मराठी भाषेत ‘वजन’ हा शब्द केवळ किलोग्रॅममध्ये मोजला जात नाही. शब्दाला वजन असते, घराण्याला वजन असते, राजकारणात एखादा नेता वजनदार असतो आणि त्याला मिळालेले खातेही वजनदार असते. इतकेच नव्हे, तर कचेरीत अडलेल्या फाइलीवर ‘वजन ठेवावे’ लागते, तेव्हा ते वजन नोटांचे असते. वजन आणि पैसा यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. मात्र ‘वजनदार’ हे विशेषण पुरुषाला लागले की गौरव ठरते आणि स्त्रीला लागले की थट्टा. सचिन कुंडलकर दिग्दर्शित ‘वजनदार’ (२०१६) या मराठी चित्रपटाचे शीर्षक या विसंगतीवरच बेतलेले आहे.

प्रस्तुत लेखात या चित्रपटाचे वाचन एका निराळ्या संहितेसोबत करण्याचा प्रयत्न आहे. ती संहिता म्हणजे वजन आटोक्यात ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांना रोख रक्कम देण्याची एका कंपनीची जाहीर योजना. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोन्ही ठिकाणी देहाचे वजन हे व्यक्तीच्या इच्छाशक्तीचे माप मानले जाते. स्त्रीच्या देहाला त्याआधीच समाजाने एक दर लावून ठेवलेला असतो, याचा विचार मात्र चित्रपटात अपुरा आहे आणि योजनेत मुळीच नाही.

चित्रपटातील देह :

‘वजनदार’मध्ये सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी पाचगणीतील दोन स्थूल तरुणींच्या भूमिका केल्या आहेत. या भूमिकांसाठी दोघींनी प्रत्यक्ष वजन वाढविले आणि चित्रपटाच्या प्रसिद्धीत ही बाब अग्रभागी राहिली. येथे एक विरोधाभास आहे. अभिनेत्रीचे वाढलेले वजन तिच्या कलानिष्ठेचा पुरावा ठरते, कारण ते तात्पुरते आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. जिचे वजन तात्पुरते नाही अशी नायिका आपल्याकडे विरळाच. त्या दृष्टीने कलर्स मराठी वाहिनीवरील ‘सुंदरा मनामध्ये भरली’ (२०२० ते २०२२) ही मालिका एक पाऊल पुढे गेली, असे म्हणावे लागेल. अक्षया नाईक यांनी साकारलेली लतिका आपल्या आहे त्या अंगकाठीसह शेकडो भाग नायिकेच्या स्थानी राहिली. शाहीर राम जोशी यांच्या प्रसिद्ध लावणीचे शब्द शीर्षकासाठी घेऊन ते अशा नायिकेला लावणे, ही त्या मालिकेची सर्वात धीट कृती होय.

‘वजनदार’चा कल अखेर आत्मस्वीकाराकडे आहे आणि तो स्वागतार्ह आहे. चित्रपटाची मर्यादाही नेमकी येथेच आहे. आत्मस्वीकार ही मनाची गोष्ट झाली. सुझी ऑर्बाक यांनी १९७८ मध्येच स्थूलतेचा प्रश्न स्त्रियांच्या सामाजिक स्थानाशी जोडला होता. जेथे वजनाला रुपयांत दर ठरलेला असतो, तेथे स्वतःला मनाने स्वीकारून भागत नाही. असा दर उघडपणे लावणारी संहिता चित्रपटानंतर सहा वर्षांनी पुढे आली.

अर्ध्या पगाराची संहिता :

एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने बंगळूर येथील ‘झेरोधा’ या शेअर दलाली कंपनीचे प्रमुख नितीन कामत यांनी एक योजना जाहीर केली. ज्या कर्मचाऱ्याचा बीएमआय, म्हणजेच शरीरभार निर्देशांक, २५ पेक्षा कमी असेल त्याला अर्ध्या महिन्याचा पगार बक्षीस मिळणार होता. कर्मचाऱ्यांची सरासरी तेव्हा २५.३ होती, ती ऑगस्टपर्यंत २४ च्या खाली आली तर सर्वांना आणखी अर्धा पगार. हा निर्देशांक आरोग्याचे सर्वोत्तम माप नव्हे, केवळ सुरुवात करण्यास सोपे आहे, हे कामत यांनी स्वतःच मान्य केले होते. योजनेचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. बैठ्या कामाच्या ठिकाणी व्यायामाची सवय लागावी, असे कोणालाही वाटेल.

तथापि हेतू आणि संहिता या भिन्न गोष्टी आहेत. योजनेतील सर्वात बोलके कलम सरासरीचे आहे. या कलमामुळे शेजारच्या टेबलावरील व्यक्तीचे वजन हा माझ्या अर्ध्या पगाराचा प्रश्न होतो. तिच्या डब्यात काय आहे, ती जिन्याने आली की लिफ्टने, याकडे पाहण्याचा एक आर्थिक हक्क सहकाऱ्यांना आपोआप प्राप्त होतो. पुरुषाला हे कदाचित खेळीमेळीचे वाटेल. परंतु ‘जरा सुटलीस गं’ आणि ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ ही वाक्ये जिने हळदीकुंकवापासून बारशापर्यंत सर्वत्र ऐकलेली असतात, तिच्या दृष्टीने कचेरी हे निदान या नजरेपासून सुटकेचे ठिकाण होते. बाळंतपणानंतर कामावर रुजू झालेल्या स्त्रीचा विचार केला तर हे कलम किती टोचणारे आहे, ते ध्यानात येते.

दुसरी बाब अंकाची. जाहीर निवेदनात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनी वा स्थूल आहेत, हे खरे. पण त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आणि ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. कृश आणि रक्तक्षयी स्त्री या कसोटीवर बक्षीसपात्र ठरते.

पैशाने वजन खरोखर उतरते काय, याचे उत्तर संशोधनात आहे. अमेरिकेत ५७ व्यक्तींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सोळा आठवड्यांत पैशाचे आमिष असलेल्या दोन गटांचे वजन सरासरी १३ ते १४ पौंडांनी घटले, इतरांचे सुमारे ४ पौंडांनी. सात महिन्यांनी मात्र हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण उरला नव्हता. ब्रिटनमधील २०२४ च्या प्रयोगात वर्षअखेरीसही फरक दिसला, पण तो केवळ पुरुषांवर केलेला प्रयोग होता.

‘हवाई सुंदरी’ची पूर्वपीठिका :

बक्षीस ही या व्यवहाराची एक बाजू. दुसरी बाजू दंडाची आहे आणि तिचा इतिहास मुंबईशी निगडित आहे. विमानातील परिचारिकेला मराठीने ‘हवाई सुंदरी’ हे नाव दिले. हुद्द्यातच सौंदर्याची अट असलेली दुसरी नोकरी सहसा आढळणार नाही. ‘हवाई सुंदर’ असा पुरुष मात्र मराठीत जन्मालाच आला नाही! एअर इंडियाच्या सेवानियमांनुसार पस्तिशीत निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास सेवासमाप्ती आणि पहिल्या गरोदरपणातही सेवासमाप्ती असे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा प्रकरणात गरोदरपणाची अट रद्द केली, विवाहाची कायम ठेवली. पुढे वजन हाच निकष झाला. जानेवारी २००९ मध्ये वजनाच्या कारणावरून काही हवाई सुंदरींना नोकरी गमवावी लागली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ मध्ये ठरविलेल्या प्रमाणांत पुरुष कर्मचाऱ्यासाठी १८ ते २५ हा निर्देशांक सामान्य होता, स्त्रीसाठी १८ ते २२. म्हणजे निर्देशांक २४ असलेला पुरुष तंदुरुस्त आणि तोच निर्देशांक असलेली स्त्री अतिवजनी. या तीन अंकांच्या फरकाचे समर्थन वैद्यकशास्त्रात शोधण्यापेक्षा ‘सुंदरी’ या शब्दात शोधणे अधिक योग्य होईल.

आपल्या परिसराच्या संदर्भात :

हा विषय बंगळूर वा विमानतळापुरता आहे, असे आपल्या परिसरातील वाचकाला वाटू शकेल. बदलापूर किंवा अंबरनाथहून सकाळची लोकल पकडणाऱ्या स्त्रीला महिलांच्या डब्यात वजन घटविण्याची हमी देणारी चिठ्ठी डोळ्यांसमोर दिसते. ‘वजन कमी करा’च्या खालीच पुष्कळदा ‘घरबसल्या उत्पन्न मिळवा’ असेही लिहिलेले असते. तिने आधी स्वतःचे वजन घटवायचे, मग तेच दाखवून दुसरीला पावडरचा डबा विकायचा. येथे पगार देणारी कंपनी नाही, तरी वजन आणि पैसा यांची सांगड तीच आहे.

याच अंबरनाथमध्ये शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर उभे आहे. त्याच्या बाह्यभिंतींवरील स्त्रीमूर्ती पुष्ट मांड्यांच्या आणि भरल्या अंगाच्या आहेत. यावरून पूर्वीचा काळ स्त्रीदेहाबाबत उदार होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्या मूर्तीही पाहणाऱ्यासाठीच घडविलेल्या आहेत. फक्त पाहणाऱ्याची मागणी वेगळी होती, एवढेच.

‘झेरोधा’ने सप्टेंबर २०२२ मध्ये नवी योजना आणली, तेव्हा निर्देशांक बाजूला ठेवून रोज किमान ३५० उष्मांक हालचालीत खर्च करण्याचे लक्ष्य दिले. वर्षातील ९० टक्के दिवस ते गाठणाऱ्यास एका महिन्याचा पगार आणि सोडतीत एकाला दहा लाख रुपये. ही सुधारणा निश्चितच आहे. पण हालचाल मोजायची तर ती कोणत्या वेळेत करायची, हा प्रश्न उरतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७, असे दिसून आले. पहाटे उठून तीन डबे भरून, गर्दीत उभ्याने दीड तास प्रवास करून जी कामावर पोहोचते, तिचे दिवसाचे उष्मांक खुर्चीवर बसण्यापूर्वीच बरेचसे खर्ची पडलेले असतात. पोळ्या लाटताना मनगटावर घड्याळ नसेल, तर त्यांची नोंद कोठेच होत नाही.