अठरा टनांची पळवाट

गंजाडची जुनी वारली घरे कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली. ती मोडली की माती मातीत मिसळते. विटा-सिमेंटचे तसे नाही.

२०१६च्या नियमांनी राडारोड्याचे चार भागांत वर्गीकरण करण्याची सक्ती केली, ती दिवसाला २० किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा करणाऱ्यांवर. आपण हिशेब करू : घेर १४ मीटर, उंची ३ मीटर, जाडी २३ सेंटिमीटर, अशा एका खोलीच्या भिंती सुमारे १८ टन भरतात. म्हणजे सुटका! लहानांनी राडारोडा संकलन केंद्रावर द्यायचा. पण गंजाडहून ते किती दूर? २०२५च्या नियमांनी पुनर्वापराची उद्दिष्टे तर २०,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामांनाच घातली. हे माप आम्हांला निव्वळ शहरी वाटते. फोडलेले काँक्रीट रस्त्याच्या खालच्या थराला चालते, मात्र माती-प्लास्टिकात कालवण्याआधी वेगळे काढले तरच. आणि ते एका खोलीपुरते सर्वांत सोपे असते.