नामे आणि त्यांचे अर्थ

इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी मुलाच्या हाती सर्वप्रथम पडते ती शब्दार्थांची पुस्तिका. डावीकडे इंग्रजी नाम, मध्ये देवनागरीत त्याचा उच्चार आणि उजवीकडे एकच मराठी अर्थ, अशी तिची ठरलेली मांडणी. फळे, फुले, पक्षी, शरीराचे अवयव, नातेवाईक असे तिचे ठरलेले गट. नांदेड-लातूरकडील ज्या घरात दुसरे पुस्तक सापडत नाही, त्या घरातही ही पुस्तिका बहुधा सापडते. तरीही आपल्या समीक्षेने या प्रकाराकडे क्वचितच लक्ष दिले आहे. जे इतके वाचले जाते, पाठ केले जाते, त्याची परीक्षा व्हावयास नको काय?

प्रथम या पुस्तिकांच्या पदरात त्यांचे श्रेय टाकू. त्या नामापासून आरंभ करतात, हे योग्यच आहे. मूल बोलू लागते ते वस्तूंची नावे घेत. इंग्रजीतील 'नाउन' हा शब्द लॅटिन 'नोमेन'वरून आला आणि आपले 'नाम' त्याच प्राचीन कुळातले. 'व्होकॅब्युलरी'च्या मुळाशी तर हाक मारणे हा अर्थ आहे. शब्दसंग्रह वाढणे म्हणजे अधिकाधिक वस्तूंना हाक मारता येणे, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठवाड्यात या हाकेला एक इतिहासही आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. शाळांच्या पायऱ्यांची नावेच तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशी होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला उच्च शिक्षणासाठी आधी उर्दू नामांचा उंबरठा ओलांडावा लागे. त्या भूमीत इंग्रजी शब्दाशेजारी थेट मातृभाषेतील शब्द ठेवणारी स्वस्त पुस्तिका ही सामान्य गोष्ट नव्हे. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा तिची गरज आणखी वाढली.

दोष आहे तो दोन शब्दांमध्ये मारलेल्या बरोबरीच्या खुणेत. लातूरची बाजारपेठ तुरीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मुलाने 'पल्स' म्हणजे 'नाडी' एवढेच पाठ केले असेल, तर बाजारभावाच्या इंग्रजी बातमीत तो अडखळणारच; कारण तेथे 'पल्स' म्हणजे तूर, मूग, हरभरा यांसारखे कडधान्य. हे दोन शब्द दिसण्यात एक, पण त्यांची कुळे भिन्न. नाडीचा 'पल्स' लॅटिनमधील ठोक्यावरून आला, तर कडधान्याचा त्याच भाषेतील पेजेवरून. एकाच अर्थावर थांबणारी पुस्तिका मुलाला त्याच्याच शेतातील पिकाचे इंग्रजी नाव कळू देत नाही.

याहून गंभीर उदाहरण 'दुष्काळ' या नामाचे आहे. पुस्तिकांत 'ड्राउट'पुढे दुष्काळ, 'फॅमिन'पुढेही दुष्काळ आणि 'स्केअर्सिटी'पुढे टंचाई असते. मराठी शब्दाचा मूळ अर्थ वाईट काळ. त्यात कोरडे आभाळ आणि रिकामे पोट दोन्ही मावतात. इंग्रजीने मात्र त्यांची फारकत केली आहे. 'ड्राउट' कोरडेपणाचा शब्द, तर 'फॅमिन' लॅटिन 'फामेस'चा, म्हणजे भुकेचा. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाच्या काळी मिसर देशात पडला तो भुकेचा दुष्काळ होता.

हा भेद केवळ पंडितांचा नाही. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळला आणि त्या जागी 'स्केअर्सिटी' आणला. शासन पिकांच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवते आणि टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजते, म्हणून आता तशा दुष्काळाला वावच उरलेला नाही, असे त्याचे समर्थन होते. पुढे १९७२ साली मराठवाड्याने काय भोगले, हे खडी फोडणाऱ्या आणि सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या पिढीला ठाऊक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात शासनाने 'दुष्काळसदृश' हा आपला शब्द 'दुष्काळ' असा वाचावा, असे जाहीर केले. एका 'सदृश'साठी हजारो गावांना वाट पाहावी लागली. नामाच्या अर्थावर माणसांचे पाणी आणि सवलती अवलंबून असतात, याला आणखी कोणता पुरावा हवा?

याउलट मोल्सवर्थचा कोश पाहावा. लष्करी अधिकारी असलेल्या या इंग्रजाने कँडी बंधू व मराठी पंडित यांच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द होते. त्यात नामाचे लिंग, त्याच्या विविध छटा, वाक्प्रचार, म्हणी अशी सगळी सोबत दिलेली आढळते. शब्द एकटा राहत नाही, हे त्याने जाणले होते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे एक आद्य शिल्पकार बाबा पदमनजी यांनी १८६३ साली त्याच कोशाची संक्षिप्त आवृत्ती काढली. कोश विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणावा, पण त्याचा प्राण घालवू नये, हा धडा तेथून घेता येतो.

मोल्सवर्थची अपेक्षा पुस्तिकेकडून करणे अन्यायाचे होईल, असे कोणी म्हणेल. ते मान्य. आमचे मागणे लहान आहे. हजार नामांऐवजी तीनशेच द्यावीत. प्रत्येकासोबत एक साधे वाक्य असावे. जेथे अर्थ दोन आहेत तेथे दोन्ही द्यावेत. आणि सफरचंद व पेंग्विन यांच्या आधी ज्वारी, सोयाबीन, टँकर, सातबारा, नोटीस यांना जागा मिळावी. लिहिणाऱ्याचे श्रम वाढतील, पाठ करणाऱ्याचे कमी होतील.

पुस्तिका पाठ केलेली मुलगी उद्या कदाचित आपल्या वडिलांसाठी एखादा इंग्रजी कागद वाचील. त्यात 'ड्राउट' लिहिले आहे की 'स्केअर्सिटी', आणि त्याने काय बदलते, हे तिला सांगता आले, तर तिने इंग्रजी शिकल्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू.